भाच्याच्या कंपनीवर मामूची सही

आपल्याकडे धंदा एकट्याने उभा राहत नाही. भाऊ भांडवल देतो, सासरा गाळा देतो, मामू ओळख देतो. नगरच्या कापड बाजारात काय, भिंगारमध्ये काय किंवा संगमनेर-श्रीरामपूरच्या पेठांत काय, जुनी दुकाने अशीच नात्याच्या आधारावर चालत आली. आता पुढची पिढी शिकली आहे. तिला पेढी नको, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हवी आहे. मोठा कारखाना माल घेताना कंपनी आहे का विचारतो, टेंडरला कागद लागतात, बँकेलाही नोंदलेली संस्था बरी वाटते. त्यात गैर काही नाही. परंतु खासगी कंपनीला निदान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात. एक नाव मुलाचे, दुसरे कोणाचे? मग घरातल्याच कोणाकडे तरी कागद येतो. “मामू, फक्त सही करा. नावापुरतेच आहे.”

‘नावापुरते’ हा शब्द कायद्यात नाही. सही कोणत्या कागदावर केली, त्याप्रमाणे जबाबदारी ठरते. काही सह्या अगदी निरुपद्रवी असतात, तर काहींमुळे राहते घर जाऊ शकते. दोन्ही सह्या एकाच दिवशी, एकाच टेबलावर घेतल्या जातात आणि घेणाराही बहुधा आपलाच माणूस असतो. म्हणून कोणती सही कशाची, हे आज समजून घेऊ.

एक उदाहरण धरून चालू. समजा, भिंगारमध्ये एका गृहस्थांचे लाकडी फर्निचरचे दुकान आहे. घर स्वतःचे, देणे कोणाचे नाही. त्यांचा भाचा नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे युनिट टाकतो आणि त्यासाठी कंपनी काढतो. मामूंकडे तो एकेक कागद घेऊन येतो.

‘लिमिटेड’ म्हणजे नेमके काय?

कंपनी कायद्याच्या नजरेत कंपनी ही वेगळी व्यक्ती असते. तिचे देणे तिचे, भागधारकाचे देणे भागधारकाचे. हे तत्त्व पक्के करणारा खटला एका कारागिराचाच आहे. लंडनमध्ये ॲरन सॉलोमन नावाचे बूट बनवणारे व्यापारी होते. त्यांनी आपला धंदा कंपनीत घातला. त्या काळी सात सभासद लागत. म्हणून ते स्वतः, पत्नी, मुलगी आणि चार मुलगे असे घरातलेच सात जण झाले. घरच्या सहा जणांकडे प्रत्येकी एकच शेअर होता, बाकीचे सगळे सॉलोमन यांचे. पुढे कंपनी बुडाली आणि देणेकऱ्यांचे पैसे सॉलोमन यांनी स्वतः द्यावेत अशी मागणी झाली. खालच्या न्यायालयांनी ती मान्यही केली. परंतु १८९६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की कंपनी रीतसर नोंदलेली आहे, ती वेगळी व्यक्ती आहे, तिचे देणे सॉलोमन यांचे देणे नव्हे. भारतातही हेच तत्त्व चालते.

पण हा पडदा सरसकट टिकत नाही. मुंबईतले सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी प्राप्तिकर वाचवण्यासाठी चार खासगी कंपन्या काढल्या होत्या. गुंतवणुकीचे उत्पन्न कंपनीच्या नावावर जमा होई आणि तेच पैसे ‘कर्ज’ म्हणून त्यांच्याकडे परत येत. १९२७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा पडदा बाजूला सारून सांगितले की या कंपन्या म्हणजे पेटिट स्वतःच. तात्पर्य, धंदा खरा असेल तर ‘लिमिटेड’चे संरक्षण मिळते, बनाव असेल तर मिळत नाही.

आता मामूंच्या समोरचे कागद पाहू.

पहिली सही : सभासद म्हणून

कंपनीच्या घटनापत्रावर, म्हणजे मेमोरँडमवर, मामू सही करतात आणि समजा दहा हजार रुपयांचे शेअर घेतात. ही सही सर्वांत सुरक्षित. जबाबदारी त्या शेअरच्या न भरलेल्या रकमेपुरतीच. दहा हजार भरले की संपले. कंपनी लाखोंनी बुडाली तरी निव्वळ भागधारकाकडे कोणी येऊ शकत नाही.

मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, २ नोव्हेंबर २०१८ नंतर नोंदलेल्या कंपनीला १८० दिवसांच्या आत ‘सर्व सभासदांनी शेअरचे पैसे भरले’ असे निवेदन द्यावे लागते. म्हणून पैसे बँकेतूनच भरावेत आणि त्याचा पुरावा ठेवावा. दोन, नोंदणीच्या वेळी खोटी माहिती दिली असेल, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम ७ खाली न्यायाधिकरण सभासदांची जबाबदारी अमर्याद ठरवू शकते. तीन, खासगी कंपनीत सभासद दोनाचा एक उरला आणि सहा महिन्यांहून अधिक काळ धंदा तसाच चालू राहिला, तर हे माहीत असलेला उरलेला सभासद त्यानंतरच्या देण्याला स्वतः जबाबदार होतो. कुटुंबातल्या दोन नावांपैकी एक व्यक्ती वारली तर हा मुद्दा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरी सही : संचालक म्हणून

येथे सावध व्हावे. संचालक कंपनीच्या सर्वच कर्जाला जबाबदार नसतो हे खरे, पण कर आणि कायदेपालन यांची जबाबदारी त्याच्यावर येते.

जीएसटी कायद्याचे (२०१७) कलम ८९ पाहा. खासगी कंपनीकडून कर, व्याज किंवा दंड वसूल झाला नाही, तर त्या काळात जे जे संचालक होते ते सर्व एकत्रितपणे आणि प्रत्येकी जबाबदार धरले जातात. सुटायचे असेल तर आपल्या घोर दुर्लक्षामुळे, गैरवर्तनामुळे किंवा कर्तव्यात कसूर केल्यामुळे ही वसुली थकलेली नाही, हे संचालकाने स्वतः सिद्ध करावे लागते. “मला हिशेबातले काही माहीत नव्हते” हे उत्तर येथे उपयोगी नाही, उलट तेच दुर्लक्षाचा पुरावा ठरू शकते. प्राप्तिकराच्या कायद्यातही खासगी कंपनीच्या संचालकांसाठी अशीच तरतूद आहे.

दुसरा धोका वार्षिक विवरणपत्रांचा. कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षे ताळेबंद किंवा वार्षिक विवरण दाखल केले नाही, तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, तेही कोणत्याही कंपनीसाठी. २०१७ मध्ये केंद्र सरकारने ही तरतूद वापरली तेव्हा दोन लाखांहून अधिक कंपन्या नोंदणीतून काढल्या गेल्या आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. बंद पडलेल्या कंपनीचे नाव नोंदणीतून निघाले म्हणून संचालकाची जुनी जबाबदारी संपत नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

आपल्याकडे दुसरे नाव म्हणून आईचे, बायकोचे किंवा बहिणीचे नाव घालण्याची पद्धत पडली आहे. तिला विचारले जातेच असे नाही. आधार, पॅन आणि मोबाईलवरचा ओटीपी घेतला जातो आणि डिजिटल सही तयार होते. ती डिजिटल सही मग हिशेबनिसाच्या टेबलाच्या खणात पडून राहते. वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. डिजिटल सही म्हणजे कोऱ्या कागदावर केलेली सहीच. ती ज्याच्या हातात, त्याच्या हातात आपले नाव. घरातल्या स्त्रीला संचालक करायचे असेल तर जरूर करावे, पण तिला कागद वाचून दाखवून, हिशेब दाखवून करावे. कारण नोटीस तिच्याच नावाने येणार आहे.

तिसरी सही : चेकवर

मामूंना बँक खात्यावर सही करण्याचा अधिकार दिला जातो. “मी बाहेरगावी असलो तर अडायला नको.” मामू दहा-वीस चेकवर सह्या करून ठेवतात. हे कधीही करू नये.

चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८ लागते. चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम द्यायची. न दिल्यास पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. कंपनीचा चेक असेल तर कलम १४१ प्रमाणे कारभार पाहणारेही आरोपी होतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एस.एम.एस. फार्मास्युटिकल्सच्या खटल्यात सांगितले की केवळ संचालक असल्यामुळे कोणी दोषी ठरत नाही, तो त्या वेळी कारभार पाहत होता असे तक्रारीत दाखवावे लागते. परंतु ज्याने चेकवर सही केली त्याला ही पळवाट नाही. मामूंनी सही केली असेल तर ते त्यात आलेच.

चौथी सही : बँकेच्या जामीनपत्रावर

सर्वांत जड सही हीच. कंपनी ‘लिमिटेड’ आहे हे बँकेलाही माहीत असते, म्हणूनच ती वैयक्तिक हमी मागते. मामूंनी जामीनपत्रावर सही केली की त्यांच्यापुरता ‘लिमिटेड’चा पडदा त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलेला असतो.

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. “आधी भाच्याकडून वसूल करा, उरले तर माझ्याकडे या” असे म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले आहे. मूळ कर्जदाराविरुद्धचे सर्व उपाय संपेपर्यंत बँकेला थांबवून ठेवले, तर जामिनाचा उपयोगच उरणार नाही. कंपनी दिवाळखोरीत जाऊन तिचे कर्ज तडजोडीत कमी झाले तरी जामीनदार आपोआप सुटत नाही. २१ मे २०२१ रोजी ललितकुमार जैन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले.

जामिनाबरोबर घराचे कागद बँकेत ठेवले असतील तर ते तारण झाले. अशा कर्जात बँक सरफेसी कायद्याखाली (२००२) साठ दिवसांची नोटीस देऊन दाव्याशिवाय मालमत्ता ताब्यात घेऊ शकते.

नगर जिल्हा सहकाराचा. आपले पुष्कळ व्यवहार नागरी बँका आणि पतसंस्थांतून होतात. तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चे कलम १०१ चालते. निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळाला की जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होऊ शकते आणि त्या दाखल्यात जामीनदाराचेही नाव असते. कोणी म्हणेल, संस्थाच बंद पडली तर? १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. पण परवाना रद्द होणे म्हणजे कर्ज माफ होणे नव्हे. अवसायक, म्हणजे लिक्विडेटर, येतो आणि ठेवीदारांचे पैसे देण्यासाठी त्याला कर्जवसुली करावीच लागते. बँक गेली तरी जामीन राहतो.

मयतीनंतरही हे संपत नाही. जामीनदाराच्या मृत्यूनंतर, वेगळा करार नसेल तर, पुढच्या नव्या व्यवहारांची हमी थांबते. आधीचे देणे मात्र त्याच्या मिळकतीतून वसूल होते. आपल्या वारसा कायद्यातही कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज आधी, मग वसीयत आणि नंतर वारसांचे हिस्से, असाच क्रम आहे. भाच्यासाठी केलेली सही मामूंच्या मुलींच्या हिश्श्यातून वजा होऊ शकते. वारस स्वतःच्या खिशातून देणे लागत नाहीत, पण मिळालेल्या मिळकतीपर्यंत लागतात.

पाचवी गोष्ट : सहीच नाही, नुसता शब्द

भाचा पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे उधारीवर माल घ्यायला जातो. व्यापारी मामूंकडे पाहतो. मामू म्हणतात, “द्या हो, मी आहे ना.” आपल्या बाजारात हे दररोज घडते. करार कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे हमी तोंडीही देता येते. कागद नाही म्हणून हमी नाही, असे होत नाही. प्रश्न फक्त पुराव्याचा राहतो आणि पुरावा म्हणून साक्षीदार तसेच हल्ली मोबाईलवरचा संदेशही पुढे येऊ शकतो. ओळख करून द्यायची असेल तर तेवढेच बोलावे. “मुलगा आमचा आहे, व्यवहार तुम्ही तुमच्या हिशेबाने करा.”

हमी म्हणून स्वतःच्या खात्याचा चेक देण्याचीही सवय आहे. आयसीडीएस विरुद्ध बीना शबीर या खटल्यात नवऱ्याच्या मोटारीच्या व्यवहाराला बायको जामीन राहिली होती. तिने दिलेला चेक परत गेला. जामीनदाराच्या चेकलाही कलम १३८ लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले.

सहावी सही : पत्त्यासाठी

कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय म्हणून मामूंच्या घराचा पत्ता, वीजबिल आणि ना-हरकत पत्र घेतले जाते. एवढ्याने कंपनीचे कर्ज मामूंवर येत नाही. पण सर्व नोटिसा तेथे येतात, तपासणीला अधिकारी तेथे येतात आणि पत्त्यावर कागद पोचला की तो कंपनीला मिळाला असे धरले जाते. पत्ता द्यायचाच तर किती काळासाठी ते ना-हरकत पत्रात लिहावे आणि आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी पोच घेऊन भाच्याकडे द्यावा.

कंपनी नोंदण्याआधीचे व्यवहार

उत्साहाच्या भरात नोंदणीचा दाखला हाती येण्याआधीच यंत्राची ऑर्डर दिली जाते. ज्या दिवशी कंपनी जन्मलेलीच नाही, त्या दिवशी तिच्या वतीने कोणी सही करू शकत नाही. ती सही करणाऱ्याची स्वतःची धरली जाते. इंग्लंडमध्ये १८६६ साली केल्नर विरुद्ध बॅक्स्टर या खटल्यात होऊ घातलेल्या हॉटेल कंपनीसाठी मद्य खरेदी करणाऱ्यांना त्याचे पैसे स्वतः भरावे लागले. आपल्याकडे विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ प्रमाणे कंपनी नोंदल्यावर असा करार स्वीकारून समोरच्याला कळवू शकते. तोवर धोका सही करणाऱ्याचा. म्हणून दाखला येईपर्यंत थांबावे किंवा “कंपनी नोंदली गेली तरच हा करार लागू” असे लिहून घ्यावे.

मग भागीदारीच बरी का?

नाही. भागीदारी कायदा १९३२ प्रमाणे प्रत्येक भागीदार पेढीच्या सर्व देण्याला जबाबदार असतो. दोन आणे हिस्सा असला तरी देणे सोळा आणे येऊ शकते. शिवाय भागीदार नसताना कोणी आपले नाव भागीदार म्हणून वापरू दिले आणि त्या भरवशावर कोणी उधार दिले, तर कलम २८ प्रमाणे तोही अडकतो. बाहेर पडताना जाहीर नोटीस द्यावी लागते. जीएसटीसाठी आयुक्तांना एका महिन्यात लेखी कळवावे लागते. उशीर झाला तर कळवल्याच्या तारखेपर्यंतचा कर अंगावर येतो.

२००८ च्या कायद्याने आलेली एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, हा मधला मार्ग आहे. फसवणुकीचा प्रसंग सोडला तर एका भागीदाराच्या चुकीचे देणे दुसऱ्यावर येत नाही. भाच्याला दुसरे नाव मिळतच नसेल तर एक व्यक्ती कंपनी काढता येते. तेथे नातेवाईक फक्त नामनिर्देशित म्हणून लागतो. मूळ मालक मयत किंवा अक्षम होईपर्यंत त्याच्यावर काही येत नाही.

मदत कशी करावी?

नातेवाइकाला मदत करू नये, असे आमचे म्हणणे नाही. मदतीला मर्यादा लिहून घ्यावी, एवढेच सांगणे आहे.

१. शक्य असेल तर जामिनाऐवजी रोख रक्कम द्या, कर्जाऊ किंवा शेअर म्हणून. दोन लाख दिले तर जास्तीत जास्त दोन लाख जातील.

२. जामीन मागण्याआधी भाच्याला बँकेत विचारायला सांगा. सूक्ष्म व लघुउद्योगांना निदान दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने मालमत्ता तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मुद्रा योजना आणि सरकारच्या पतहमी निधीची योजनाही आहे. बाहेरच्या माणसाचा जामीन लागतोच असे नाही.

३. जामीन राहायचेच तर रक्कम आकड्यात आणि मुदत तारखेत लिहून घ्या. ‘वेळोवेळी वाढणाऱ्या सर्व कर्जांसाठी’ असे शब्द असतील तर सही करू नका. तुम्हाला न विचारता अटी बदलल्यास कायदा पुढच्या व्यवहारातून जामीनदाराला सोडतो, परंतु छापील फॉर्ममध्ये बहुधा हा हक्क सोडून दिलेला असतो. तो भाग वाचा.

४. चालू कर्जाची हमी पुढच्या व्यवहारापुरती लेखी नोटिशीने थांबवता येते. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाआधी बँकेला पत्र द्या आणि पोच घ्या.

५. भाच्याकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या की मामूंना भरावे लागल्यास तो परत देईल. जामीनदाराने भरलेली रक्कम मागण्याचा हक्क कायद्यात आहेच, आणि दोन जामीनदार असतील तर भार सारखा वाटला जातो. तरी कागद असलेला बरा.

६. संचालक झालात तर दर तीन महिन्यांनी जीएसटीचे चलन, बँकेचा उतारा आणि वर्षातून एकदा दाखल केलेली विवरणपत्रे पाहा. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की शेवटचा ताळेबंद केव्हाचा, ते विनामूल्य दिसते.

७. बाहेर पडताना राजीनामा लेखी द्या, कंपनीकडे पोचल्याची खूण ठेवा, आणि कंपनीने डीआयआर-१२ हा फॉर्म तीस दिवसांत भरला का ते पाहा. भरला नसेल तर डीआयआर-११ भरून स्वतः निबंधकाला कळवता येते. आपल्या जिल्ह्याचे काम पुण्याचे कंपनी निबंधक कार्यालय पाहत आले आहे. बँकेतील जामीन संचालकपद सोडल्याने सुटत नाही, तो बँकेकडून वेगळा लेखी सोडवून घ्यावा लागतो.

८. प्रत्येक सही केलेल्या कागदाची प्रत घरी ठेवा आणि घरच्यांना ती कोठे आहे ते सांगा.

आपल्या उदाहरणातल्या मामूंनी काय करावे? दहा हजारांचे शेअर घ्यावेत, हवे तर वर्षभरासाठी पत्ता द्यावा, झेपेल तेवढी रक्कम रोख द्यावी. चेकवर सही करू नये. हिशेब पाहायला वेळ असेल तरच संचालक व्हावे. आणि राहत्या घरावर जामीन देण्याआधी घरातल्या सर्वांना एकत्र बसवून कागद वाचून दाखवावा. भाचा नाराज होईल अशी भीती वाटते, म्हणून मोठी माणसे गप्प राहून सही करतात. पण नोटीस आल्यानंतर दोन घरांत जो दुरावा येतो, तो या नाराजीपेक्षा पुष्कळ मोठा असतो. प्रत्येकाचा व्यवहार वेगळा असतो, म्हणून मोठ्या रकमेच्या कागदावर सही करण्याआधी भाच्याच्या नव्हे, स्वतःच्या वकिलाला किंवा सनदी लेखापालाला तो कागद दाखवावा. त्याची फी जामिनाच्या रकमेच्या मानाने किरकोळ असते.